घेणारा कोण? मुदत संपलेल्या डोमेनचा माझा हिशेब

डॉट कॉमची सुटलेली डोमेन, म्हणजे मुदत संपून मोकळी झालेली वेबसाइटची नावं, रोज ठरलेल्या वेळेला बाजारात पडतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतात. आमच्या मिरजेत उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा, थंडीत साडेबारा. तिकडची घड्याळं वर्षातून दोनदा पुढेमागे करतात, आपल्याकडे ती भानगड नाही, म्हणून हा तासाचा फरक. डॉट कॉमची सगळी नोंदवही व्हेरिसाइन नावाची एकच कंपनी सांभाळते. तिच्या वहीतून चांगलं नाव पुसलं गेलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत ते दुसऱ्याच्या नावावर चढलेलं असतं. हे काम माणसं करत नाहीत. ड्रॉपकॅच, स्नॅपनेम्स असल्या कंपन्यांचे सर्व्हर करतात, आणि व्हेरिसाइनच्या दारात एकाच वेळी जास्त रांगा लावता याव्यात म्हणून अशा कंपन्यांनी शेकड्याने रजिस्ट्रारचे, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीचे, परवाने काढून ठेवलेत.

तेव्हा रात्री जागून एखादं भारी नाव पकडायचं असा कुणाचा बेत असेल तर तो सोडा. मी जागत नाही. दिवसा डीटीपी आणि दुकानदारांच्या वेबसाइटची कामं, आणि त्याला जोडून जुनी डोमेन घेऊन विकणं, असं माझं चालतं. ओळखीचे लोक विचारतात की यात नक्की बघतेस काय, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मुदत संपली की नाव लगेच मोकळं होतं हा पहिला गैरसमज. डॉट कॉमचं नाव संपल्यावर मूळ मालकाला साधारण पंचेचाळीस दिवसांपर्यंत नेहमीच्या पैशात ते चालू करता येतं. किती दिवस द्यायचे ते रजिस्ट्रारवर असतं. त्यानंतर तीस दिवस असे की नाव परत मिळतं, पण जबर दंड भरून. मग शेवटचे पाच दिवस, ज्यात कुणालाच काही करता येत नाही, आणि मग ते सुटतं. म्हणजे अडीच महिने सहज.

पण बरी नावं तिथवर पोचतच नाहीत. ज्या कंपनीकडे नाव नोंदलेलं असतं तीच पहिल्या टप्प्यात ते परस्पर लिलावात काढते. गोडॅडी या रजिस्ट्रारवर हा लिलाव दहा दिवस चालतो. कुणी बोली लावली नाही तर नाव क्लोजआउटमध्ये जातं आणि तिथे किंमत रोज उतरत जाते. मूळ मालक शेवटच्या घटकेला जागा झाला तर नाव त्याचं त्याला जातं, आपले पैसे परत. मी खरेदी करते ती बहुतेक या क्लोजआउटमधून. लिलावात समोर अमेरिकेतले, चीनमधले, इस्तंबूलचे व्यापारी बसलेले असतात. त्यांच्या खिशाशी माझा खिसा लढत नाही. पण क्लोजआउटमधल्या ढिगात सांगली-सोलापूरच्या माणसालाच ज्याची किंमत कळेल असं एखादं नाव असतं, आणि तिथे त्यांचा उपयोग शून्य.

या धंद्यात दोन वेगळ्या वस्तू एकाच पाकिटातून विकल्या जातात, आणि नवा माणूस तिथेच गोंधळतो. एक वस्तू म्हणजे नाव. दुसरी म्हणजे त्या नावाचा भूतकाळ: दहा वर्षांत त्याला कुणी कुणी दुवे दिले, वर्तमानपत्रांनी दिले की विद्यापीठांनी दिले, गूगलच्या लेखी त्याची पत काय. ज्यांचा सगळा भर भूतकाळावर असतो ते नावाकडे बघतही नाहीत. त्यांना अहेफ्स, मॉझ असल्या दुवे मोजून पत सांगणाऱ्या साधनांचा आकडा हवा. आकडा मोठा म्हणजे डोमेन जोरदार. मग त्यावर मशीनकडून लिहून घेतलेला मजकूर ओतायचा आणि जाहिरातींचे पैसे खायचे.

मला हा प्रकार पहिल्यापासून आवडत नाही. द हेअरपिन ही अमेरिकेतली बायकांनी बायकांसाठी चालवलेली वेबसाइट, चांगल्या लेखनाबद्दल नावाजलेली. ती २०१८ मध्ये बंद पडली. पुढे ते डोमेन सर्बियातल्या एका डीजेने घेतलं आणि त्यावर एआयने लिहिलेला कचरा भरला. २०२४ च्या सुरुवातीला त्याची बरीच चर्चा झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये गूगलने आपल्या स्पॅमच्या नियमांत स्पष्टच लिहिलं की जुन्या डोमेनची पत वापरून फालतू मजकूर वर आणायचा प्रयत्न केला तर कारवाई होईल. तरीही "हाय अथॉरिटी" डोमेन विकणाऱ्यांचे मेसेज थांबलेले नाहीत. मी त्यांना उत्तर देत नाही.

भूतकाळ मी बघते तो वेगळ्या कारणासाठी. सातबारा न बघता कुणी रान घेत नाही, तसं वेबॅक मशीन न बघता डोमेन घ्यायचं नाही. ते चालवणारं इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून वेबसाइटच्या प्रती जपून ठेवतंय. तिथे नाव टाकलं की वर्षावर्षाची पानं उघडतात. मराठी कवितांचा एक ब्लॉग होता, स्वतःच्या डोमेनवर, नाव छोटं आणि छान. पहिली काही वर्षं कविता, मग दोन वर्षं काहीच नाही, आणि मग एकदम इंडोनेशियन भाषेतला ऑनलाइन जुगार. कवीने मुदत भरली नाही, कुणीतरी उचललं, वापरून चिपाड केलं आणि टाकून दिलं. असलं नाव कितीही गोड असलं तरी मी हात लावत नाही. ते स्पॅमच्या काळ्या यादीत असू शकतं, म्हणजे उद्या घेणाऱ्याने त्यावरून मेल पाठवले की ते थेट समोरच्याच्या कचऱ्यात. असली यादी ठेवणाऱ्या स्पॅमहाउसवर नाव तपासायला दोन मिनिटं लागतात आणि लोक तेवढीही काढत नाहीत.

आता नावाची किंमत. लहान असावं, उच्चारता यावं, आकडे-जोडरेघा नसाव्यात, शक्यतो डॉट कॉम असावं, हे सगळीकडे लिहिलेलं आहे आणि बरोबरही आहे. त्यावर वेळ घालवत नाही. आपल्याकडे खरी अडचण निराळी आहे. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहायची एक रीत नाही. गूळ कसा लिहाल? जी-यू-एल, की जी-ओ-ओ-एल? हिंदीवाला जी-यू-आर लिहिणार आणि निर्यातदार सरळ जॅगरी. फोनवर नाव सांगितलं आणि समोरच्याने पहिल्या झटक्यात बरोबर टाइप केलं तर ते नाव विकण्यासारखं. मी हे खरोखर करून बघते. आमच्या समोरच्या झेरॉक्सवाल्या काकांना नाव तोंडी सांगते आणि कागदावर इंग्रजीत लिहायला लावते. ते अडखळले की नाव बाद. पुरणपोळी ते बरोबर लिहितात, पैठणी लिहितात. हळदीला आधी हिंदीतलं 'हल्दी' लिहितात, मग खोडतात.

आपोआप किंमत सांगणारी जी साधनं आहेत, एस्टीबॉट म्हणा किंवा गोडॅडीचं स्वतःचं म्हणा, त्यांचा आपल्या शब्दांपुढे पार घोटाळा होतो. सांगली-तासगाव हा बेदाण्याचा पट्टा, त्यामुळे त्या मालाशी जुळणारी नावं मी नेहमी चाळते. मनुका या शब्दाचं एक डोमेन दिसलं आणि मशीनने त्याची किंमत इतकी फुगवून सांगितली की मी दोनदा वाचली. थोड्या वेळाने ट्यूब पेटली. रोमन अक्षरांत तोच शब्द म्हणजे न्यूझीलंडचा मनुका मध. जगभर त्यालाच शोधतात, आणि तिथले मधवाले त्या शब्दावरच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं भांडलेत. तासगावच्या व्यापाऱ्याला त्या फुगवट्याचा उपयोग नाही, आणि मधवाल्यांच्या वाटेला मी जाणार नाही. म्हणजे कागदावर हजारो रुपयांचं नाव, माझ्यासाठी बिनकामाचं.

यापेक्षा नेमबायोवर जाऊन तशाच प्रकारची नावं आधी खरोखर कितीला गेली ते बघावं. तिथेही एक धोका आहे. मोठ्या विक्रीचे आकडे डोक्यात बसतात. व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला गेलं. चॅट डॉट कॉम हबस्पॉट कंपनीचे सहसंस्थापक धर्मेश शहा यांनी २०२३ मध्ये दीड कोटी डॉलरच्या वर पैसे मोजून घेतलं आणि नंतर ते ओपनएआयकडे गेलं. ही नावं मुदत संपून क्लोजआउटमध्ये आलेली नव्हती. आणखी एक गोष्ट हमखास निघते ती गूगल डॉट कॉमची: २०१५ मध्ये कच्छच्या सन्मय वेद यांनी ते १२ डॉलरला विकत घेतलं आणि मिनिटभर त्यांच्या ताब्यात राहिलं. खरी आहे, पण त्यात मुदत वगैरे संपली नव्हती, गूगलच्याच डोमेन विकणाऱ्या यंत्रणेतली चूक होती. गूगलने त्यांना ६,००६.१३ डॉलर देऊ केले, आकड्यांत गूगल असंच वाचता यावं म्हणून, आणि त्यांनी ते दान करायला सांगितल्यावर रक्कम दुप्पट केली. मुदत खरोखर विसरली होती ती मायक्रोसॉफ्ट, १९९९ च्या नाताळात. हॉटमेलचं लॉगिन ज्यावरून चालायचं त्या पासपोर्ट डॉट कॉमचे ३५ डॉलर भरायचे राहिले आणि हॉटमेल उघडेना. एका लिनक्सवाल्या प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ते भरून टाकले.

असो. किंमत ठरवायची माझी पद्धत एकच. बोली लावण्याआधी वहीत घेणाऱ्यांची नावं लिहायची. "निर्यातदार घेतील" असलं काही चालणार नाही. ज्याला फोन लावता येईल, ज्याचं दुकान किंवा कंपनी आज चालू आहे, जो आत्ता याहून वाईट नावावर बसलाय, असा माणूस हवा. असे तीन लिहिता आले तर घ्यायचं. एकच असेल तर तो नको म्हणाला की संपलं. वीस असतील तर ते क्लोजआउटमध्ये उरलंच नसतं, तेव्हा पुन्हा वेबॅक मशीन उघडायचं आणि काय नजरेतून सुटलं ते शोधायचं.

ही अट इतकी कडक का, तर वर्षाच्या खर्चामुळे. डॉट कॉमचा घाऊक भाव २०२१ पर्यंत ७.८५ डॉलर होता, सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ झाला. आपल्या हातात पडेपर्यंत रजिस्ट्रारचा नफा, जीएसटी आणि डॉलरचा भाव धरून नूतनीकरण हजार ते दीड हजार रुपयांत जातं. बाराशे धरा. शंभर नावं ठेवली तर वर्षाला १ लाख २० हजार. आता या धंद्यातले मुरलेले लोक सांगतात की शंभरातली एखाद-दोनच वर्षात विकली जातात. दोन धरली तर प्रत्येकाचे हातात साठ हजार यायला हवेत, तेव्हा कुठे नुसतं नूतनीकरण निघतं, नफा दूरच. बाहेरच्या बाजारपेठेतून विकलं तर पंधरा-वीस टक्के कमिशन, म्हणजे विक्री पंचाहत्तर हजारांच्या आसपास हवी. सांगलीतला कोणता व्यापारी नावाला पंचाहत्तर हजार देतो? मी तरी पाहिला नाही.

म्हणून शेकड्याने नावं साठवणं हा अमेरिकन गिऱ्हाइकासाठी साठवणाऱ्यांचा खेळ आहे. स्थानिक नावं थोडी घ्यायची, माणूस डोक्यात ठेवून घ्यायची, आणि पहिलं वर्ष संपायच्या आत विकायची. दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण आलं की मी मनाशी भांडते, आणि बहुतेक वेळा सोडून देते. यूट्यूबवर शंभर डोमेन घ्या आणि झोपेत कमवा सांगणारे हा बाराशेचा गुणाकार करून दाखवत नाहीत.

एक विक्री सांगते, म्हणजे बोलणं कसं होतं ते कळेल. बेदाणा आणि पुढे एक छोटा इंग्रजी शब्द असं डोमेन क्लोजआउटमध्ये मिळालं. आधीच्या मालकाने व्यापार बंद केला होता, जुनी पानं स्वच्छ, नुसते भाव आणि फोटो. बंगालीत बेदाना म्हणजे डाळिंब, त्यामुळे माझ्या वहीत तासगावच्या दोघांबरोबर कोलकात्याच्या एका फळवाल्याचंही नाव चढलं. तासगावच्या पहिल्याच शेठना फोन केला.

"नुसतं नाव? वेबसाइट नाही त्यात?"

"नाही शेठ, नुसतं नाव. वेबसाइट वेगळी होईल."

"मग नावाचे एवढे कशाला, ताई? आमच्या पोराने आठशेत घेतलंय की एक."

"त्यात तीन जोडरेघा आहेत, शेठ. गेल्या महिन्यात दुबईच्या पार्टीने मेल पाठवला तो परत गेला म्हणून तुम्हीच चिडला होता."

ही माहिती मला होती कारण त्यांच्या अडत्याची बिलं माझ्याकडे छापायला येतात. थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "पोराला विचारून सांगतो." पोराने दोन दिवसांनी फोन केला, घासाघीस केली, तीस हजारांवरून बावीसवर आलो. पैसे एनईएफटीने आले. नाव त्याच रजिस्ट्रारवरच्या त्याच्या खात्यात ढकललं, अर्धा तासही लागला नाही. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असतं तर कोड द्यावा लागतो, आणि नवीन नोंदलेलं नाव साठ दिवस हलवता येत नाही, हे आधी सांगून ठेवावं. नाहीतर समोरचा घाबरतो की पैसे गेले. त्यांनी बिल मागितलं, मी दिलं, ते उत्पन्न माझ्या रिटर्नमध्ये आहे. बाहेरदेशी विकलं तर बँक पैसे कशाचे ते विचारते. तेव्हाही बिलच उपयोगी पडतं.

कायद्याचं थोडक्यात. नाव मोकळं झालं म्हणून त्यावरचा ब्रँडचा हक्क मोकळा होत नाही. रेडिफच्या नावात एका अक्षराचा फेर करून 'रॅडिफ' घेणाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच रोखलं. २००४ मध्ये सिफी या इंटरनेट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेनला व्यापारचिन्हासारखं संरक्षण आहे हे मान्य केलं. डॉट कॉमसाठी यूडीआरपी ही तंटा-प्रक्रिया आहे, डॉट इनसाठी ती नावं सांभाळणाऱ्या निक्सीची स्वतःची. तक्रारदाराने वायपोकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बौद्धिक संपदा संस्थेकडे, दीड हजार डॉलर भरले की एका पंचापुढे प्रकरण उभं राहतं. तुमचा हेतू खोटा ठरला तर नाव जातं, एक पैसा मिळत नाही. जिओहॉटस्टारचं डोमेन आधीच घेऊन ठेवणाऱ्या दिल्लीच्या तरुणाने २०२४ मध्ये रिलायन्सकडे केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला, तेव्हा निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर ते दुबईतल्या दोन शाळकरी भावंडांकडे गेलं आणि त्यांनी कंपनीला फुकट देऊ केलं. त्या तरुणाबद्दल मला सहानुभूती आहे, पण त्या वाटेने मी कुणाला पाठवणार नाही.

कायद्याच्या पलीकडची एक गोष्ट मला जास्त टोचते. डोमेन विकत घेणाऱ्याला त्याच्याबरोबर मेलचा पत्ताही मिळतो. एखाद्या पतसंस्थेने, डॉक्टरने, वकिलाने जुनं डोमेन सोडलं आणि मी घेतलं, तर त्या डोमेनवरच्या कुठल्याही पत्त्यावर येणारे मेल मी स्वतःकडे वळवू शकते. बँकेचे, पेशंटचे, पासवर्ड बदलायच्या दुव्याचे. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये एका सुरक्षा-संशोधकाने वकिलांच्या कंपन्यांनी विलीनीकरणानंतर सोडून दिलेली डोमेन घेऊन हे करून दाखवलं. गोपनीय कागद आपसूक येऊन पडले. २०२४ मध्ये तर डॉट मोबीच्या जुन्या हूइज सर्व्हरचं, म्हणजे कुठलं नाव कुणाचं ते सांगणाऱ्या यंत्रणेचं, विसरलेलं डोमेन संशोधकांनी २० डॉलरला घेतलं आणि जगभरच्या यंत्रणा त्याच्याशी बोलायला लागल्या. मी घेतलेल्या नावांवर मेल चालू करत नाही, आणि दवाखाना, पतसंस्था, शाळा असलं काही वेबॅकवर दिसलं की नाव घेतच नाही. विकायला सोपी असतात ती, माहीत आहे. तुमच्या संस्थेचं जुनं डोमेन असेल तर वेबसाइट बंद केली तरी नाव चालू ठेवा. डॉट कॉम एका वेळी दहा वर्षांपर्यंत भरता येतं.

डॉट इनबद्दल विचारतात. स्थानिक दुकानाला ते चांगलंच, मी माझ्या गिऱ्हाइकांना घेऊन देते. पण नवं इतकं स्वस्त मिळतं की जुन्याला भाव येत नाही, अगदी एका शब्दाचं नाव सोडलं तर. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून आहे, त्यात मराठीही चालते. दिसायला फार देखणं. पुनर्विक्रीचा बाजार मात्र जवळपास नाही, कारण फोनवर इंग्रजी कीबोर्ड उघडलेला असतो आणि कितीतरी फॉर्म असला मेल पत्ता घेत नाहीत. एक आहे माझ्याकडे, आमच्या गल्लीच्या नावाचं. ते विकायचं नाही.

या महिनाअखेरीस माझी काही नावं नूतनीकरणाला आलीत. पैठणीशी जुळणारं एक ठेवणार आहे, येवल्यातल्या एकाशी बोलणं चालू आहे. हळदीची दोन आणि एक द्राक्षाच्या रोपवाटिकेचं सोडतेय, भूतकाळ तिन्हींचा स्वच्छ आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणी खरोखर त्या धंद्यात असेल तर मुदत संपायच्या आत कळवा, नूतनीकरणाच्या खर्चात देऊन टाकीन.